धावताना दुखणारी दाढ

हृदयाची झडप बदलायची असो की अख्खं हृदय, शस्त्रक्रियेआधी रुग्णाला दंतवैद्याकडे धाडतात. फाइलमध्ये इको, अँजिओग्राफी, रक्ताचे ढीगभर रिपोर्ट असतात आणि त्यांच्या जोडीला एक साधासा कागद लागतो. हॉस्पिटलच्या भाषेत त्याला ‘डेंटल क्लिअरन्स’ म्हणतात. तोंडात कुठे पू नाही, सडका दात नाही, हिरड्या सुजलेल्या नाहीत, असं पाहून कुणीतरी सही करायची. घरच्यांना याचा अर्थच लागत नाही. माणूस चार पायऱ्या चढताना धापा टाकतोय आणि डॉक्टर म्हणतात, आधी दाढ दाखवून या.

मुलुंडला तरी हा कागद परका वाटू नये. मुलुंड-गोरेगाव जोडरस्त्याच्या फोर्टिस रुग्णालयात ३ ऑगस्ट २०१५ रोजी डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने पुण्याहून आणलेलं हृदय एका तरुणाला बसवलं. मुंबईत त्याआधी असा प्रयत्न झाला होता तो १९६८ साली, केईएममध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या हातून. मधली सत्तेचाळीस वर्षं कोरडी गेली होती. त्या ऑगस्टपर्यंत कालिदास नाट्यमंदिरातले प्रयोग आणि शेजारचा तरणतलाव यांसाठी ओळखलं जाणारं हे उपनगर एकदम हृदयाच्या बातम्यांत आलं. आता याच मुलुंडात पाच रस्त्यापासून स्टेशनकडे चालत जा आणि नजर जरा वर ठेवा. खाली फरसाण, सोनार, साड्या. वर पहिल्या मजल्यावर दातांचे दवाखाने. हसणाऱ्या दाढेचं चित्र असलेल्या त्या फलकांपासून हृदय बदलणाऱ्या ऑपरेशन थिएटरपर्यंत रिक्षाने फार वेळ लागत नाही. वैद्यकशास्त्रात मात्र या दोन ठिकाणांमधला रस्ता शंभर-सव्वाशे वर्षं खणला जातोय, आणि तो अजून पुरता झालेला नाही.

हे सगळं आठवायचं कारण पहाटे धावणाऱ्यांमध्ये फिरणारी एक भीती. दात साफ करून घेतले, जंतू रक्तात गेले, दोन दिवसांनी धावायला गेला आणि खलास. भीतीला निमित्तं हवीच असतात आणि ती मिळतातही. जानेवारी २०२०च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये चौसष्ट वर्षांचा एक धावपटू कोसळला आणि गेला. जून २०२४मध्ये मीरा रोडजवळ बॉक्स क्रिकेट खेळताना षटकार मारून पुढच्याच क्षणी खाली पडलेल्या माणसाचा व्हिडिओ तर घरोघर पोचला. अशा प्रत्येक मृत्यूनंतर आपल्याकडे कारणांचा बाजार भरतो. कुणी लशीवर घसरतं, कुणी प्रोटीन पावडरवर, कुणी व्यायामानंतर प्यायलेल्या गार पाण्यावर. त्या रांगेत आता दातही उभे राहिले आहेत. बाकीच्यांपेक्षा त्यांची बाजू थोडी वजनदार आहे, म्हणून ती नीट ऐकून घ्यायला हवी.

सगळ्यात आधी एक गुंता सोडवायला लागतो. हृदयाला काय झालं, हे विचारल्यावर आपण सरसकट ‘अटॅक’ म्हणून मोकळे होतो. चाळीतली खोली डोळ्यांपुढे आणा. तिथे दार मोडू शकतं, नळ तुंबू शकतो आणि फ्यूज उडू शकतो. दार म्हणजे झडपा. त्यांना जंतूंनी पोखरलं की एंडोकार्डायटिस. नळ म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या. त्यात गुठळी अडकली की हार्ट अटॅक. फ्यूज म्हणजे ठोक्यांची वीज. ती बिघडली की हृदय जागच्या जागी थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही, तो कार्डिॲक अरेस्ट. नळ तुंबल्यामुळे फ्यूज उडू शकतो, पण तो इतर कारणांनीही उडतो. दातांचा संबंध या तिघांशी सारखा नाही. दाराशी तो पक्का आहे. नळाशी संशयाचा आहे. फ्यूजशी थेट असा काहीच नाही.

दारापासून सुरुवात करू, कारण तिथली कथा जुनी आणि दुःखद आहे. गुस्ताव्ह मालर हा व्हिएन्नाचा जगप्रसिद्ध संगीतकार. डोंगर चढणारा, तळी पोहून पार करणारा गडी. १९०७ साली डॉक्टरांनी त्याच्या झडपेत दोष असल्याचं सांगितलं आणि पोहणं, चढणं बंद करायला लावलं. १९११च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये त्याला ताप धरला. तिथल्या डॉ. लिबमन यांच्या सांगण्यावरून त्याचं रक्त काढून जंतू वाढवून पाहिले, तर त्यात स्ट्रेप्टोकॉकस निघाले. पेनिसिलिन यायला अजून तीस वर्षं होती. मेमध्ये, पन्नास वर्षांचा मालर व्हिएन्नात वारला. हे स्ट्रेप्टोकॉकस आपल्या घशात आणि हिरड्यांच्या कडेला मुक्कामालाच असतात. तिथे ते कुणाचं फारसं वाकडं करत नाहीत. झडप आधीच खडबडीत असेल तर मात्र तिच्यावर चिकटून घर करतात.

त्याच सुमारास, १९०९ साली, लंडनच्या थॉमस हॉर्डर यांनी अशा रुग्णांच्या तोंडाकडे बोट दाखवलं. १९३५ साली ओकेल आणि एलियट या जोडीने दात उपटून झाल्याबरोबर रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे साठ टक्के लोकांच्या रक्तात हे जंतू सापडले. म्हणजे दात काढणं हा रक्तात जंतू सोडण्याचा राजमार्ग ठरला. त्यातून नियम आला: झडपेचा दोष असेल तर दाताला हात लावण्याआधी अँटिबायोटिक. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५मध्ये तो लिहून काढला आणि पुढची पन्नास वर्षं जगभरच्या दंतवैद्यांनी तो पाळला.

मग कुणीतरी साधा प्रश्न विचारला. रोज दात घासताना काय होतं? २००८ साली पीटर लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २९० माणसांवर हे पडताळून पाहिलं. अँटिबायोटिक न देता दात उपटला तर साठ टक्क्यांच्या रक्तात जंतू. औषध देऊन उपटला तर तेहतीस टक्के. आणि नुसतं ब्रशने दात घासले तरी तेवीस टक्के! दात माणूस वर्षातून एखादा उपटतो, ब्रश दिवसातून दोनदा फिरवतो. वर्षभराचा हिशेब मांडला तर दंतवैद्याची खुर्ची मागे पडते आणि आपल्याच मोरीतला ब्रश पुढे जातो. हिरड्या जितक्या सुजलेल्या, रक्ताळलेल्या, तितकी जंतूंना वाट मोकळी. याच विचाराने, हा अभ्यास छापून यायच्या आधीच, २००७मध्ये अमेरिकन नियम आकसला होता. कृत्रिम झडप, आधी होऊन गेलेला एंडोकार्डायटिस, काही ठरावीक जन्मजात हृदयदोष आणि प्रत्यारोपित हृदयातली बिघडलेली झडप, एवढ्यांनाच आता दातांच्या उपचाराआधी औषध. ब्रिटनने २००८मध्ये ते जवळजवळ बंदच करून टाकलं. पुढे तिथे एंडोकार्डायटिसचे रुग्ण अपेक्षेपेक्षा वाढल्याचं २०१५मध्ये दिसलं. ते औषध थांबवल्यामुळेच वाढले, हे सिद्ध झालं नाही, पण २०१६मध्ये ‘सरसकट देऊ नये’ अशी शब्दांची सारवासारव मात्र करावी लागली. तज्ज्ञांचीही अशी दमछाक होते.

आपल्याकडे या नियमाला वेगळी धार आहे. युरोपात आता झडपेचे रोगी बहुतेक म्हातारे असतात. भारतात लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, महिनाभर ताप येतो-जातो, आणि मागे ऱ्हुमॅटिक हृदयविकार ठेवून जातो. तो तिशीत धाप लागल्यावर कळतो. पहिल्यांदा धावायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या झडपेबद्दल काही ठाऊक असेलच असं नाही. दाताच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘हृदयाचा काही त्रास?’ या प्रश्नापुढे तो डोळे मिटून ‘नाही’वर खूण करतो. लहानपणी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला आई घेऊन जायची, हे त्याला त्या वेळी आठवत नाही. ते आठवायला हवं. दातांचं काम करून आल्यावर कधी दोन-तीन आठवडे बारीक ताप, घाम, वजन उतरणं असं सुरू झालं, तर पहिली अँटिबायोटिक गोळी घेण्याआधी रक्ताचं कल्चर करून घ्यायला हवं. अर्धवट गोळ्यांनी जंतू कल्चरमध्ये दिसेनासे होतात, पण झडपेवर कुरतडत राहतात.

आता नळाकडे. इथे जमीन निसरडी आहे.

फिनलंडच्या किम्मो मॅटिला यांनी १९८९ साली हार्ट अटॅकच्या शंभर रुग्णांचे दात तपासले आणि तितक्याच निरोगी माणसांशी ताडून पाहिले. अटॅकवाल्यांचे दात ठळकपणे वाईट निघाले. तेव्हापासून संशोधनाचा पूर आला. त्याच फिनलंडमध्ये २०१३ साली, अटॅकच्या वेळी रोहिणीतून ओढून काढलेल्या १०१ गुठळ्या तपासल्या, तर त्यांतल्या जवळपास अठ्ठ्याहत्तर टक्क्यांत तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसचा डीएनए सापडला. वाचताना अंगावर काटा येतो. पण चोराच्या पावलांचे ठसे घरात सापडले म्हणजे चोरी त्यानेच केली, असं होत नाही. तो दूध टाकायलाही येत असेल. जंतू रक्तातून रोजच फिरतात, हे आपण आत्ताच पाहिलं. शिवाय तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्याही जातात आणि रोहिण्याही. मधुमेहाचं तेच, गरिबीचंही तेच. स्कॉटलंडमधल्या सुमारे बारा हजार लोकांच्या २०१०च्या अभ्यासात क्वचितच दात घासणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सत्तर टक्के जास्त दिसला. पण जो दात घासत नाही तो बाकी तब्येतीची काय काळजी घेत असेल? तैवानमध्ये विम्याच्या नोंदींवरून हेच उलट बाजूने दिसलं, नियमित दात साफ करून घेणाऱ्यांना अटॅक कमी. हीच शंका तिथेही उभी राहते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२मध्ये सगळं चाळून निवाडा दिला: हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार यांचं नातं खरं आहे, इतर कारणं वजा केली तरी ते उरतं, पण एकामुळे दुसरं होतं आणि हिरड्या बऱ्या केल्या की अटॅक टळतो, याला पुरावा नाही. असा पुरावा मिळवायचा तर हजारो लोकांच्या सडक्या हिरड्या वर्षानुवर्षं मुद्दाम तशाच ठेवाव्या लागतील. त्याला परवानगी कोण देणार?

या विषयात घाई केली की काय होतं, हे इतिहासाने दाखवून ठेवलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘लपलेला संसर्ग’ नावाचं खूळ शिरलं होतं. संधिवात, अशक्तपणा, वेड, सगळ्याचं मूळ दातात. अमेरिकेत ट्रेंटन इथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी वेड्यांचे दात सरसकट उपटले, दात संपल्यावर टॉन्सिल्स आणि आतडीही काढली. कित्येक दगावले. तीसच्या दशकानंतर ते खूळ ओसरलं आणि ‘दातामुळे शरीर बिघडतं’ हे वाक्यच दीर्घकाळ बदनाम झालं. मॅटिला यांना ते पुन्हा उच्चारायला धीर लागला असणार.

बरं, दात साफ केल्यानंतरचे ते दोन दिवस? भीतीचा मूळ मुद्दा तोच. त्यावर थेट काम झालंय. २०१० साली लंडनच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदी घेतल्या. दातांची मोठी कामं झालेली आणि आयुष्यातला पहिला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात आलेली ११५२ माणसं निवडली आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच केली: दातांच्या कामानंतरचे आठवडे आणि एरवीचे आठवडे. पहिल्या चार आठवड्यांत धोका दीडपट दिसला, सहा महिन्यांत मूळ पातळीवर आला. दीडपट हा शब्द भीतीदायक वाटतो. पण कुठल्याही एका महिन्यात पहिला अटॅक येण्याची शक्यताच इतकी लहान असते की तिच्या दीडपटही लहानच राहते. २०१८मध्ये स्वीडनने आपल्या राष्ट्रीय नोंदींवर हेच पाहिलं आणि त्यांना वाढ आढळली नाही. दोन चांगले अभ्यास, दोन उत्तरं.

मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो मॉरिझियो टोनेटी आणि सहकाऱ्यांचा लंडनमधला २००७चा प्रयोग. हिरड्यांचा तीव्र रोग असलेली, एरवी धडधाकट अशी १२० माणसं. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना एका बैठकीत कसून उपचार: मुळांपर्यंत खरवडून सफाई, वाचण्याजोगे नसलेले दात बाहेर, हिरड्यांच्या कप्प्यांत औषध. उरलेल्यांना वरवरची नेहमीची सफाई. मग दंडाच्या रोहिणीत रक्ताचा लोंढा वाढल्यावर ती किती पसरते, हे मोजत राहायचं. निरोगी रोहिणी मोकळेपणाने पसरते, आजारी आखडून राहते. उपचारानंतर चोवीस तासांनी कसून सफाई झालेल्यांच्या रोहिण्या जास्त आखडल्या होत्या आणि रक्तात दाहाची लक्षणं उसळली होती. भीती बाळगणाऱ्यांना इथे थांबून ‘बघा!’ म्हणता येईल. पण टोनेटी थांबले नाहीत. साठाव्या दिवशी त्याच रोहिण्या दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या चालत होत्या. एकशे ऐंशीव्या दिवशी आणखी चांगल्या. घर झाडताना धूळ उडतेच. धूळ उडते म्हणून कुणी वर्षभर केर साचू देत नाही.

इथे आपण ज्याला ‘क्लीनिंग’ म्हणतो आणि या अभ्यासांत जे झालं, यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. वर्षातून एकदा अर्ध्या तासात कीटण काढून, पॉलिश करून घरी येणं हे या प्रयोगातल्या ‘वरवरच्या’ गटात मोडतं. दहा वर्षं न दाखवलेलं, पू येणारं तोंड एका दिवसात साफ करणं हा वेगळा प्रकार. मुंबईत दुसऱ्या जातीची तोंडं कमी नाहीत. दात दुखला की आधी लवंग, मग वेदनाशामक, मग शेजाऱ्याकडची उरलेली अँटिबायोटिक आणि रात्रीची झोप उडाली की दवाखाना, हा आपला क्रम. कीटण काढलं की दात हलतात, हा समज अजून पाय रोवून आहे. दात आधीच हलत असतात, कीटणाने त्यांना लिंपून ठेवलेलं असतं एवढंच. गंमत म्हणजे सुश्रुताला हे ठाऊक होतं. त्याने हिरड्यांचे पंधरा रोग सांगितले, कीटणाला ‘दंतशर्करा’ असं नाव दिलं आणि ती हिरडीला इजा न करता खरवडून काढावी, मग लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळावं, असं लिहून ठेवलं. स्केलिंग पाश्चात्त्यांचं म्हणून नको असणाऱ्यांनी सुश्रुताला तरी विचारावं.

मग खेळाडूंचं काय? आपण समजतो, व्यायाम करणाऱ्याचं तोंडही तगडं असणार. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३०२ खेळाडूंचे दात तपासले गेले. पंचावन्न टक्क्यांचे दात किडलेले, पंचेचाळीस टक्क्यांचे झिजलेले, शहात्तर टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या. दातांमुळे सराव किंवा कामगिरीवर परिणाम झाल्याचं अठरा टक्क्यांनी स्वतःच सांगितलं. हे जगातले सगळ्यात तंदुरुस्त देह! कारणं रस्त्यावर दिसतात. लांब धावताना तोंडाने श्वास घ्यावा लागतो, लाळ सुकते आणि लाळ हीच दातांची पहारेकरी. त्यावर दर पाऊण तासाने साखरेची जेल चोखायची, आंबट-गोड पेयाचा घोट घ्यायचा. पूर्व द्रुतगती मार्गाच्या सेवारस्त्यावर किंवा योगी हिल्सच्या चढावर रविवारी पहाटे घाम गाळणारे हे इमानाने करतात. परत येताना वडापाव आणि चहा असतोच. त्यांतले किती जण झोपण्याआधी ब्रश करतात, हे त्यांनी आपल्या मनाला विचारावं.

पण मैदानावर माणूस पडतो तेव्हा बहुतेक वेळा दातांचा विचार दूरचा असतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या एक कोटी नऊ लाख लोकांमध्ये ५९ जणांना कार्डिॲक अरेस्ट झाला, ४२ दगावले. म्हणजे दोन लाखांमागे एखादा. पस्तिशीच्या आतल्यांत बहुधा जन्मजात जाड स्नायू, उलट्या वाटेने निघालेली रोहिणी, विजेचा दोष किंवा हृदयस्नायूची सूज. पस्तिशीनंतर मुख्यतः रोहिण्यांत साचलेली चरबी. कांजूरमार्गच्या चाळीतून, म्हणजे मुलुंडहून तीन स्टेशनं अलीकडून, लोकलने शारदाश्रम शाळेत जाणारा क्रिकेटपटू विनोद कांबळी नोव्हेंबर २०१३मध्ये चेंबूरहून गाडी चालवत निघाला असताना छातीत कळ येऊन थांबला. वय एकेचाळीस. वर्षभर आधीच त्याची अँजिओप्लास्टी झालेली होती. एकेकाळी खेळलेलं क्रिकेट रोहिण्यांना आयुष्यभर पुरत नाही. गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात संघाचे दोन्ही गोल करून गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर कोसळला. मैदानावर हृदयाला झटका देणारं यंत्र नव्हतं. २०२१मध्ये कोपनहेगनला फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन पडला तेव्हा ते होतं. तो वाचला आणि पुन्हा खेळला.

संसर्ग आणि खेळाडूचं हृदय यांची खरी गाठ पडली ती स्वीडनच्या जंगलात. ओरिएन्टिअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावायचं, हा तिथला लाडका खेळ. १९७९ ते १९९२ या काळात या खेळातले सोळा तरुण अचानक मेले. शेवटच्या काही वर्षांत तर रांगच लागली. शवविच्छेदनात अनेकांच्या हृदयस्नायूला सूज आढळली. क्लॅमिडिया न्यूमोनिये या जंतूवर संशय गेला, नंतर बार्टोनेलावर. गुन्हेगार पक्का सापडला नाही. तरी स्वीडिश महासंघाने १९९२मध्ये वरच्या पातळीवरचा सराव आणि स्पर्धा काही महिने थांबवल्या आणि खेळाडूंना एकच नियम घालून दिला: अंगात संसर्ग असताना सराव नाही. पुढच्या वर्षांत मृत्यूंची ती मालिका थांबली. पुराव्याच्या काटेकोर तराजूत हे बसणार नाही, पण यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. याला जोड म्हणून दोन मोठी कामं आहेत. ब्रिटनमध्ये २००४ साली दिसलं की छातीच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत अटॅकचा धोका सुमारे पाचपट होतो. कॅनडात २०१८ साली दिसलं, की फ्लूची खात्री झाल्यानंतरच्या आठवड्यात तो सहापट होतो. दातांच्या कामानंतरचा वादग्रस्त दीडपट आणि तापातला पाच-सहापट, हे आकडे शेजारी ठेवून पाहा. धावणारा माणूस दात साफ करायला घाबरतो आणि ताप असताना क्रोसिन घेऊन वीस किलोमीटर मारून येतो.

धावणाऱ्यांत एक जुनी खूण आहे: त्रास मानेच्या वर असेल तर हळू धावा, मानेच्या खाली असेल तर झोपा. दाढेचं गळू या नियमाला फसवतं. ते मानेच्या वर असतं, पण गाल सुजला, जबडा उघडेना, अंग कसकसलं, म्हणजे ते आता फक्त दाढेचं उरलेलं नाही. अशा वेळी बूट कोपऱ्यात ठेवावेत. सुजेवर वेदनाशामक घेऊन धावणं तर दुप्पट वेडेपणा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःच हृदयाचा धोका वाढवतात आणि घामाने सुकलेल्या अंगात मूत्रपिंडालाही मारतात.

दंतवैद्याच्या खुर्चीवरून हार्ट अटॅककडे जाणारी एक खरीखुरी वाट आहे, आणि तिचा जंतूंशी संबंध नाही. स्टेंट बसवलेला माणूस दाढ काढायला निघतो. ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत, रक्त थांबणार नाही’ या धास्तीने तो स्वतःच, किंवा कुणाच्या सांगण्यावरून, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चार दिवस बंद करतो. हिरडीतलं रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. गोळीविना नव्या स्टेंटमध्ये जमलेली गुठळी मात्र जीव घेते. अमेरिकेतल्या हृदय आणि दंत संघटनांनी २००७मध्ये एकत्र बसून याबद्दल इशारा दिला होता. हृदयविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, एवढंच. अँजिओप्लास्टीनंतर पुन्हा धावायला लागलेले पन्नाशीचे गृहस्थ आता प्रत्येक गटात असतात. जंतूंची चिंता करण्याऐवजी त्यांनी ही एक ओळ पाठ करावी.

याच्या बरोबर उलटी वाट दाढेकडून सुरू होते. खालचा जबडा, बहुधा डावीकडचा, दुखायला लागतो. चढ आला की दुखतो, थांबलं की दोन-चार मिनिटांत थांबतो. माणूस म्हणतो, अक्कलदाढ असेल. हृदयाकडून आणि जबड्याकडून येणाऱ्या वेदनेचे मज्जातंतू वाटेत एकत्र येतात आणि मेंदूला पत्ता नीट लागत नाही. दाढ किडकी असेल तर ती गार पाण्याने ठणकते, चावताना कळ मारते, रात्री आडवं झाल्यावर जास्त दुखते. स्टेशनचा जिना चढताना सुरू होऊन फलाटावर उभं राहताच विरणारी दाढदुखी ही दाढदुखी नव्हे. क्ष-किरणात काही न सापडल्यावर ‘आधी ईसीजी काढून या’ म्हणणाऱ्या दंतवैद्याने जीव वाचवलेला असू शकतो. हॉस्पिटल हृदयाच्या रोग्याला दाढ दाखवायला पाठवतं, आणि चांगला दंतवैद्य दाढेच्या रोग्याला हृदय दाखवायला पाठवतो. रस्ता दोन्ही बाजूंनी चालता आहे.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. स्पर्धेच्या आठवड्यात खोल सफाई किंवा दाढ काढणं टाळावं. तेवढा साधा विवेक टोनेटींच्या पहिल्या चोवीस तासांमधून घेता येतो. नुसत्या कीटण काढण्यानंतर दुसऱ्या दिवशी हलकं धावायला हरकत नाही. हिरड्यांचं मोठं काम किंवा दाढ काढली असेल तर सूज उतरेपर्यंत, ताप नाही याची खात्री होईपर्यंत थांबावं, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत तीन-चार दिवस. ज्याच्या हिरड्यांतून ब्रशला रक्त लागतं, त्याने दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या सुमारास वेळ घ्यावी. तिथून तिसऱ्या रविवारपर्यंत साधारण साठ दिवस हातात राहतात.